बर्फ मोजणाऱ्यांच्या गावी : स्वालबार्डचा प्रवास

नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून उत्तर ध्रुवाकडे निघाले की साधारण अर्ध्या वाटेवर स्वालबार्ड हा द्वीपसमूह लागतो. तिथे जाणारे बहुतेक पर्यटक ध्रुवीय अस्वल दिसावे म्हणून जातात. आम्हालाही ते दिसले असते तर आनंदच झाला असता. पण आम्ही दोघे भावंडे जुलैच्या उत्तरार्धात तिकडे गेलो ते मुख्यतः बर्फाचा हिशेब कोण, कुठे आणि कशाने ठेवतो हे पाहण्यासाठी. माझ्या थोरल्या बहिणीची सगळी नोकरी मराठवाड्यातल्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी मोजण्यात गेली. ध्रुवांवरचा बर्फ वितळतो आहे, असे कुठे वाचले की 'कोणत्या खुणेपासून मोजले?' हा तिचा पहिला प्रश्न असतो. या प्रवासात तो प्रश्न तिने भेटेल त्याला विचारला आणि बहुतेकांनी तो आनंदाने ऐकून घेतला.

सोमवार : ओस्लो

विमान आणि आरक्षणे यांबद्दल विशेष सांगण्यासारखे काही नाही. व्हिसाची एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. स्वालबार्डवर नॉर्वेचे सार्वभौमत्व असले तरी ते शेंगेन क्षेत्राच्या बाहेर आहे. ओस्लोहून तिकडे जाताना आपण शेंगेनमधून बाहेर पडतो आणि परतताना पुन्हा आत येतो, म्हणून अर्ज करतानाच एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागावा.

हाती असलेला दिवस आम्ही 'फ्राम' जहाजाच्या संग्रहालयात घालवला. लाकडी जहाज आहे तसे छपराखाली ठेवलेले असून त्याच्या पोटात उतरून हिंडता येते. नॉर्वेचे ध्रुवीय संशोधक फ्रिट्यॉफ नानसेन यांनी १८९३ मध्ये हे जहाज सायबेरियाच्या उत्तरेला मुद्दाम बर्फात गोठू दिले आणि बर्फाबरोबर वाहत ते १८९६ च्या ऑगस्टमध्ये स्वालबार्डच्या उत्तरेला मोकळे झाले. मधल्या काळात ते जहाज म्हणजे एक तरंगते मोजमापयंत्रच होते. उत्तर ध्रुवाभोवतीचा समुद्र उथळ असेल अशा अपेक्षेने नेलेली खोली मोजण्याची दोरी अपुरी पडली, तेव्हा खलाशांनी जहाजावरचा पोलादी दोर उसवून त्याच्या तारांची नवी लांब दोरी वळली. ती तीन हजार मीटरांहून खोल गेली. बर्फ वाऱ्याच्या नेमक्या दिशेने न सरकता तिच्या उजवीकडे २० ते ४० अंशांनी सरकतो, हेही नानसेन यांनी तिथेच टिपले आणि पुढे एकमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने पृथ्वीच्या परिवलनाच्या आधारे त्याचे गणित मांडले. २०१९-२० मध्ये 'पोलारश्टेर्न' या जर्मन जहाजाने आधुनिक उपकरणांनिशी हाच प्रयोग पुन्हा केला. ताई त्या तारांच्या गोष्टीवर बराच वेळ रेंगाळली. मोजपट्टी पुरेना म्हणून मोजणे न सोडणाऱ्यांबद्दल तिला स्वाभाविक आपुलकी आहे.

मंगळवार : लाँगइयरब्येन

विमान उतरण्याच्या वेळी खाली दाट धुके होते आणि वैमानिकाने दोन घिरट्या घातल्या. तिकडे धुक्यामुळे विमान परत फिरणे ही नवलाची गोष्ट नाही. परतीच्या प्रवासात पुढचे विमान पकडायचे असेल तर मध्ये एक मोकळा दिवस ठेवावा.

लाँगइयरब्येन ७८ अंश उत्तरेला आहे. लोकवस्ती अडीच हजारांच्या आसपास. घरे जमिनीपासून उचलून खांबांवर उभी केलेली आहेत, कारण खालची जमीन बारमाही गोठलेली असते; घराची ऊब तिला लागली तर ती वितळून खचते आणि घर कलते. आता हवाच तापत असल्यामुळे खांबांचा उपायही सगळीकडे पुरत नाही. गेल्या काही दशकांत या भागाचे तापमान जगाच्या सरासरीच्या सहा-सात पट वेगाने वाढले आहे. २५ जुलै २०२० रोजी इथल्या विमानतळावर २१.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली. आम्ही उतरलो तेव्हा ६ अंश होते आणि बोचरे वारे सुटले होते, हेही सांगितले पाहिजे. एका दिवसाच्या गारठ्यावरून किंवा उकाड्यावरून काही ठरत नाही.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळाच्या संध्याकाळी, कारण सूर्य मावळतच नव्हता, जगभरच्या पिकांचे बियाणे राखून ठेवणाऱ्या भांडाराच्या दारापर्यंत जाऊन आलो. आत प्रवेश नाही. २००८ मध्ये उघडलेल्या या भांडाराच्या प्रवेशाच्या बोगद्यात २०१६ च्या शरद ऋतूत पाणी शिरले होते. बियाणे सुरक्षित राहिले, पण बोगदा नव्याने जलरोधक करून बांधावा लागला. आमच्या टॅक्सीचालकाने त्याहून वेगळी गोष्ट सांगितली. आद्वेंतदालेन खोऱ्यात यान्सनहाउगेन नावाच्या टेकाडावर १९९८ मध्ये १०२ मीटर खोल विंधनछिद्र घेतलेले असून त्यात ठरावीक खोल्यांवर तापमान टिपणारे संवेदक एका तारेवर लोंबत सोडले आहेत. हवेच्या तापमानातले रोजचे चढउतार खोलवर पोचता पोचता विरून जातात आणि दीर्घकाळचा कल तेवढा शिल्लक राहतो. तो कल चढता आहे. "बोअरमध्ये पाण्याऐवजी ऊन मोजतात म्हण की," ताई म्हणाली.

राहण्याच्या ठिकाणी आणि संग्रहालयात दारातच बूट काढावे लागतात. कोळशाच्या खाणींच्या काळापासून चालत आलेली ही रीत आहे, तेव्हा जाड लोकरी मोजे हवेतच. झोपेसाठी डोळ्यांवर बांधायची काळी पट्टीही विसरू नये.

बुधवार : लाँगइयरब्रेन हिमनदी

गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या या हिमनदीवर पायी जाता येते, मात्र वस्तीबाहेर अस्वलांची भीती असल्याने बंदूकधारी मार्गदर्शक लागतो. आमची मार्गदर्शक इथल्याच विद्यापीठ केंद्रात हिमनद्यांचा अभ्यासक्रम पुरा करून राहिलेली तरुणी होती. बुटांना काटेरी तळवे बांधून आम्ही तिच्या मागे चालू लागलो. पहिला तासभर बर्फ नव्हताच; हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांचे ढीग होते. तिथे एक चपटा दगड उचलून तिने ताईच्या हाती दिला. त्यावर पानाचा ठसा होता, शिरांसकट. कोट्यवधी वर्षांपूर्वी या भूमीवर पानझडी वृक्षांची जंगले होती आणि त्यांची जीवाश्मरूप पाने हिमनदी आजही वरून खाली आणून टाकते. हवामान पूर्वीही बदलत होते, असे म्हणणाऱ्यांना हा दगड दाखवावासा वाटेल. पण तो बदल व्हायला किती काळ लागला हा प्रश्न त्या दगडातच आहे.

बर्फावर जागोजागी बोटभर रुंदीच्या, उभ्या नळीसारख्या खळग्या दिसत होत्या. तळाशी काळी माती आणि वर वीतभर नितळ पाणी. वाऱ्याने आलेली धूळ आणि काजळी ऊन शोषते, खालचा बर्फ वितळवते आणि आपणच केलेल्या भोकात खाली उतरत जाते. त्या चिमूटभर काळ्या गाळात सूक्ष्म जीव नांदतात.

पुढे बर्फात रोवलेला एक दांडा आला, आणि ज्यासाठी आम्ही आलो होतो ते हेच. वाफेच्या बारीक यंत्राने बर्फात खोल भोक पाडून दांडा उतरवतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याचा किती भाग बर्फाबाहेर आहे ते मोजतात आणि शेवटी पुन्हा मोजतात. जेवढा भाग नव्याने उघडा पडला तेवढा बर्फ गेला. हिमनदीच्या बर्फाची घनता पाण्याच्या नऊ दशांशाच्या आसपास असते, म्हणून एक मीटर दांडा उघडा पडला तर ९० सेंटिमीटर पाणी वाहून गेले असा हिशेब. हिवाळ्यात किती हिम साठले हे वसंतात लांब सळई खुपसून आणि खड्डा खणून, थराथराचे वजन करून ठरवतात. जमा आणि खर्च यांची वजाबाकी म्हणजे त्या वर्षीची हिमनदीची शिल्लक. ताईने दांड्यावरची खूण बोटाने चाचपून पाहिली आणि म्हणाली, "ही तर आमचीच विहीर, फक्त इथे पाण्याऐवजी काठ खाली जातोय."

तिने नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा मार्गदर्शक हसली. खूण पक्की राहत नाही हीच खरी अडचण आहे, असे तिने सांगितले. उन्हाळा कडक निघाला तर दांडा पुरता उघडा पडून आडवा होतो आणि नोंद तुटते. म्हणून तो आधीच जास्त खोल रोवावा लागतो आणि वेळेवर पुन्हा रोवत राहावे लागते. नी-ऑलेसुंड या संशोधकांच्या गावाजवळच्या ऑस्त्र ब्रोगरब्रेन हिमनदीवर १९६७ पासून अशी मोजणी अखंड चालू आहे. तेव्हापासूनची बहुतेक वर्षे तोट्याची आहेत.

रात्री गावातल्या खाणावळीत माशांचे मलईदार सूप आणि कुरकुरीत पाव मिळाला. ताई मासे खात नाही; तिच्यासाठी वॅफलवर तपकिरी गोडसर चीज आणि जॅम होता. चीज तिला खरवसाच्या वडीची आठवण देणारे वाटले, मला नाही.

गुरुवार : कोंग्सफ्योर्डकडे

छोट्या जहाजाने किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे निघालो. जहाजावरचा आचारी फिलिपिनो होता. ताईने भीतभीत मऊ भात मागितला आणि त्याने तो बिनतक्रार करून दिला. वर सोबतचे मेतकूट आणि तूप. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच मेतकुटाची चव मागितली. शाकाहारींनी आरक्षण करतानाच तसे कळवावे, आणि तरीही पिशवीत चार वस्तू घरच्या ठेवाव्यात.

दुपारी ब्लोमस्ट्रांड नावाच्या भूभागावर उतरलो. जुन्या नकाशांत तो द्वीपकल्प म्हणून दाखवलेला आहे, कारण मुख्य भूमीशी त्याला जोडणारी हिमनदी मध्ये होती. ती मागे हटत गेली आणि १९९० च्या दशकात स्पष्ट झाले की हे बेटच आहे. शंभरेक वर्षांपूर्वी अर्नेस्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रजाने इथे संगमरवराची खाण उघडली होती. गोठणे-वितळणे सोसून आतून भेगाळलेला तो दगड उबदार प्रदेशात नेला की भुगा होई, म्हणून धंदा बुडाला. गंजलेली यंत्रे, बाष्पकाचे धूड आणि रूळ अजून तिथेच आहेत. १९४६ पूर्वीची प्रत्येक मानवी वस्तू स्वालबार्डमध्ये कायद्याने संरक्षित आहे; खिळासुद्धा उचलू नये.

शुक्रवार : नी-ऑलेसुंड

या गावापासून २० किलोमीटरच्या आत शिरण्यापूर्वीच जहाजाने सगळ्यांचे मोबाइल, वायफाय आणि ब्लूटूथ बंद करायला लावले. घड्याळे आणि कॅमेरेसुद्धा तपासले. याचे कारण गावाबाहेर उभ्या असलेल्या भल्यामोठ्या तबकड्या. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरच्या क्वेसारांपासून, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रांपासून, येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओलहरी त्या टिपतात आणि जगातल्या इतर ठिकाणच्या अशाच तबकड्यांच्या नोंदींशी वेळेचा फरक ताडून पृथ्वीवरील स्थाने मिलिमीटरपर्यंत ठरवली जातात. आपल्या खिशातला फोन त्यांच्यापुढे आरडाओरडा करणारा ठरतो.

क्वेसारांचा बर्फाशी काय संबंध, असे मलाही वाटले होते. उपग्रह बर्फाची उंची मोजतात ती कशाच्या सापेक्ष? समुद्रपातळी वर्षाला तीन-चार मिलिमीटर वाढते असे म्हणताना जमीन स्थिर आहे हे कोणी ठरवले? नी-ऑलेसुंडची जमीन तर बर्फाचा भार हलका होत गेल्यामुळे दरवर्षी काही मिलिमीटर वर उचलली जात आहे. सगळ्या मोजण्यांच्या बुडाशी एक पक्की चौकट लागते आणि ती या तबकड्यांतून घडते. ताईच्या प्रश्नाचे इतके थेट उत्तर मला दुसरीकडे कुठेच मिळाले नाही.

गाव मुळात कोळशाच्या खाणीचे. १९६२ च्या स्फोटात २१ कामगार गेले, त्यानंतर खाण बंद झाली आणि पुढे घरे संशोधकांना मिळाली. वेगवेगळ्या देशांची केंद्रे शेजारीशेजारी आहेत. चीनच्या केंद्राच्या दारात दोन दगडी सिंह बसलेले दिसतात. भारताचे 'हिमाद्री' केंद्र १ जुलै २००८ रोजी सुरू झाले आणि ते चालवते गोव्यात वास्कोजवळच्या हेडलँड सडा इथले राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. पर्यटकांना आखलेल्या वाटेवरूनच फिरता येते, केंद्रांच्या आत जाता येत नाही. आम्ही बाहेर उभे राहून फोटो काढत होतो, तेवढ्यात आतून एक तरुण संशोधिका बाहेर आली. मूळची केरळची, पण वास्कोत राहून मराठी आणि कोकणी दोन्ही शिकलेली. "काका, मावशी, थोडं चालूया का? मला बंदरापर्यंत जायचंच आहे," असे तिने म्हटल्यावर आमचा दिवस सार्थकी लागला.

बंदरावरून फ्योर्डकडे, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीकडे, बोट दाखवत तिने 'इंडआर्क'ची माहिती दिली. २०१४ च्या जुलैत या फ्योर्डमध्ये सुमारे १९२ मीटर खोल पाण्यात भारताने ही वेधशाळा बुडवून ठेवली. तळाशी वजन, वर तरंगणारे फुगे आणि मध्ये ताणलेल्या दोरावर तापमान, क्षारता, प्रवाह, विरघळलेला प्राणवायू असे एकेक मोजणारी उपकरणे. वर पाण्यावर काहीच दिसत नाही, त्यामुळे वाहता बर्फ तिला धक्का देत नाही. नोंदी काढायच्या तर नावेतून ठरावीक ध्वनिसंकेत पाण्यात सोडतात. तळाचा आकडा उघडतो, वजन खालीच राहते आणि फुगे सगळा दोर वर आणतात. संकेत पाठवल्यापासून पहिला फुगा दिसेपर्यंत कोणी बोलत नाही, असे ती म्हणाली. अटलांटिकचे कोमट, खारे पाणी या फ्योर्डमध्ये किती आणि कधी शिरते हे त्या नोंदींतून कळते. २००६ च्या सुमारापासून हिवाळ्यातही फ्योर्ड पूर्वीसारखा गोठत नाही, त्यामागे हे पाणी मुख्य कारण मानले जाते.

दुपारी एकच्या सुमारास जर्मन-फ्रेंच केंद्रातून हवामानाचा फुगा सुटताना दिसला. रोज ठरल्या वेळी सुटतो. खाली लोंबणारी डबी शंभरेक ग्रॅमची. ती तीसेक किलोमीटर उंचीपर्यंत तापमान, दमटपणा आणि वारा कळवत जाते आणि फुगा फुटला की पडते. मग इथल्या रेडिओबंदीत तिचे संदेश पाठवणे कसे चालते, असे मी विचारले. ती सुमारे ४०० मेगाहर्ट्झवर बोलते आणि तबकड्या ऐकतात ते पट्टे २ गिगाहर्ट्झच्या वरचे, असे उत्तर मिळाले.

मागच्या डोंगरावर ४७४ मीटर उंचीवर झेपेलिन वेधशाळा आहे. गावातला धूर पोचू नये म्हणून इतकी वर. माणसे छोट्या रोपवेने जातात. तिथल्या हवेत कर्बद्विप्राणील वायूचे प्रमाण आता दशलक्ष भागांत ४२० च्या वर आहे. औद्योगिक युगापूर्वी ते २८० च्या आसपास होते, हे अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळते. स्वालबार्डच्या बर्फातून असा नितळ पुरावा मिळणे अवघड, कारण इथे उन्हाळ्यात वरचे पाणी झिरपून खालचे थर भिजवते. २०२३ च्या वसंतात होल्टेडालफोना या उंचावरच्या हिमक्षेत्रात भावी अभ्यासकांसाठी बर्फाचे गाभे, म्हणजे खोलवरून काढलेले लांब दंडगोल, काढून ठेवायला गेलेल्या तुकडीच्या छिद्रात पंचवीसेक मीटरांवरच पाणी लागले आणि त्यांना जागा बदलावी लागली. जे वाचवायचे तेच आधी ओले झालेले होते.

गावात सुरय पक्ष्यांची घरटी वाटेलगतच असतात आणि ते थेट डोक्यावर चोच मारतात. डोक्याच्या वर काठी किंवा हात धरावा. ते सर्वांत उंच बिंदूवर हल्ला करतात. टपालपेटी आणि छोटे दुकान आहे; जहाज आले की उघडते.

शनिवार : कोंग्सब्रेनसमोर

रबरी होडीतून हिमनदीच्या तोंडापासून सुरक्षित अंतरावर गेलो. इंजिन बंद केल्यावर पाण्यातून सतत तडतड ऐकू येऊ लागली. पाण्यात तरंगणारे तुकडे वितळताना त्यांच्यात दाबाखाली कोंडलेली जुनी हवा फुटून बाहेर पडते, तो हा आवाज. पाण्याखाली तो इतका मोठा असतो की हिमनद्यांचे फ्योर्ड समुद्रातल्या सर्वांत गोंगाटाच्या जागांत गणले जातात, आणि जलश्रवणयंत्रे लावून त्यावरून वितळण्याचा अंदाज बांधण्याचे प्रयत्न चालू आहेत. एक दाढीवाला सील तुकड्यावर पडून आमच्याकडे निर्विकारपणे पाहत होता. मग तोंडाचा एक भाग कोसळला. आधी पडताना दिसला, आवाज नंतर आला, आणि लाट पोचेपर्यंत नावाड्याने होडीचे तोंड तिच्याकडे वळवलेले होते. हातमोज्यांच्या आत पातळ हातमोजे घालावेत, नाहीतर कॅमेऱ्याची कळ दाबता येत नाही.

रविवार : प्लाटोबेर्गेटचा माथा

परतीच्या आधी लाँगइयरब्येनजवळच्या या पठारावर चढलो. माथ्यावर पांढरे घुमट दिसतात. प्रत्येकात उपग्रहांशी बोलणारी अँटेना. ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह दिवसाला चौदा-पंधरा फेऱ्या करतात आणि इतक्या उत्तरेला असल्यामुळे हे केंद्र जवळजवळ प्रत्येक फेरीत त्यांना गाठू शकते. २०१८ मध्ये सोडलेला 'आइससॅट-२' हिरव्या लेझरचे सेकंदाला दहा हजार स्पंद खाली टाकतो आणि परत आलेल्या थोड्याशा प्रकाशकणांच्या वेळेवरून बर्फाची उंची काढतो. त्याच्या नोंदी उतरवण्याच्या जागांपैकी ही एक. 'ग्रेस'च्या आणि २०१८ पासून तिच्या जागी आलेल्या 'ग्रेस-एफओ'च्या उपग्रहजोडीची रीत आणखी वेगळी. दोन उपग्रह सुमारे २२० किलोमीटर अंतराने एकामागोमाग जातात आणि खालच्या वस्तुमानाच्या ओढीने त्यांच्यातले अंतर किंचित बदलते, त्यावरून ग्रीनलंडचा किती बर्फ गेला ते समजते. म्हणजे बर्फ न पाहता त्याचे वजन.

खाली विमानतळाची धावपट्टी दिसत होती. तीही गोठलेल्या जमिनीवरच बांधलेली असून उन्हाळ्यात खचणारे भाग वरचेवर दुरुस्त करावे लागतात.

जाऊ इच्छिणाऱ्यांना ऋतूबद्दल एवढे सांगतो. हिमनद्यांवर सळया खुपसून हिम मोजणारे अभ्यासक पाहायचे असतील तर एप्रिल-मे बरा. तेव्हा सगळीकडे बर्फवाहने चालतात आणि थंडी कडक असते. समुद्रातली कामे, पक्षी आणि नी-ऑलेसुंडला जाणाऱ्या नावा हव्या असतील तर जुलै-ऑगस्ट. ताईला एप्रिल बघायचा आहे. दांडे पुन्हा रोवताना पाहायचे आहेत म्हणते.